वळणावरचा तुटलेला खांब

आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचा तो अर्धाच. म्हणजे नुसता डबा. पडदा घरी राहायचा. त्या काळातला पडदा म्हणजे काचेचं धूड, दोन माणसांनी धरून उचलायचं. मोटारसायकलवर किंवा बसमध्ये मांडीवर घेऊन कोण आणणार? म्हणून गिऱ्हाईक डबा तेवढा सोडवून चादरीत गुंडाळून आणायचं आणि आम्ही तो दुकानातल्या आमच्या पडद्याला जोडून बघायचो. जालन्यात एक्क्याऐंशी साली मी रेडिओ दुरुस्तीनं सुरुवात केली, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. या धंद्यात अनेक रीती आपोआप पडल्या, पण डबा तेवढा आणायच्या या रीतीचा मला कधी संशय आला नाही. तो यायला हवा होता, हे सांगायला आज बसलो आहे.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. भोकरदनचे एक गुरुजी डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं, तर म्हणे, मांडी माझी, जागा माझी, तिकीट कशाचं? भांडण थेट जालन्यापर्यंत चाललं आणि गुरुजी ते सांगताना दुरुस्तीचं विसरूनच गेले. वाटूरच्या एका आडत्याचा डबा उघडला तर आत कापसाचा बिछाना करून उंदरीण व्यालेली. दुसऱ्या एकानं खंडेनवमीला पाटी-पुस्तकासोबत कॉम्प्युटरचीही पूजा केली, ती चालू पंख्यावर कुंकू टाकून. महिनाभर त्याच्या डब्यातून लाल धूळ निघत होती. हे सगळं मी हसत हसत सांगायचो आणि लोक हसायचे. कॉम्प्युटरवाला म्हणजे तेव्हा गावात अर्धा वैद्य, अर्धा मांत्रिक. त्याला 'मला माहीत नाही' म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तसं म्हणायची सवयही नव्हती.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. उत्तमराव जाधव हे माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, शाळेच्या बसचे ड्रायव्हर. राहायला बदनापूरला. बस रात्री त्यांच्या घरापाशीच उभी असायची. सकाळी तिकडची मुलं घेऊन ते जालन्यात शिरायचे, आमच्या कॉलनीच्या तोंडाशी मुक्ताला आणि आणखी चार-पाच जणांना घ्यायचे आणि शाळेत पोचवायचे. सगळी मिळून बेचाळीस मुलं. मुक्ता तेव्हा सातवीत. ती त्यांना काका म्हणायची आणि घरी येऊन त्यांच्या नकला करायची: "खिडकीतून हात आत! हात आपला हाये, पण रस्ता सरकारचा हाये!"

या उत्तमरावांच्या मुलानं पुण्याला शिकायला जाताना आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवला. त्यावर मोटारशर्यतीचा एक खेळ होता. दिवसभर बस चालवून आलेला हा माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन पुन्हा गाडी चालवायला बसायचा. आणि कशी? शर्यतीतही तो डाव्या बाजूनं जायचा. वळणावर ओव्हरटेक करायचा नाही. "पुढचं दिसत न्हाई तं कसं काढावं?" असं विचारायचा. प्रत्येक शर्यतीत शेवटचा नंबर, आणि त्याचा त्याला अभिमान. "आपली गाडी आजवर कुठं घासली न्हाई भाऊ, ना रोडवर ना कॉम्प्युटरवर."

ते पहिल्यांदा आले तेव्हा काखेत डबा होता आणि तक्रार होती की चित्र फाटतंय.

"फाटतंय म्हणजे?"

"वळण आलं की रोडच्या कडंचा खांब मधूनच तुटतो. वरचा खांब एकीकडं, खालचा एकीकडं. लगेच जुळतो बी. पण तुटतो."

मी डबा आमच्या पडद्याला लावला, खेळ चालू केला, सरळ रस्त्यावर अर्धा मिनिट गाडी पळवली. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी, एकाचा प्रिंटर उघडा पडलेला. मी म्हणालो, "मला तर काही दिसत नाही."

हे वाक्य मी तीस वर्षांत हजारदा म्हटलं असेल. दुरुस्तीवाल्याचं ते आवडतं वाक्य. गिऱ्हाइकाला धीरही येतो आणि आपली मानही वाचते. उत्तमराव पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला न्हाई दिसत?"

"नाही. पण कार्ड जुनं आहे तुमचं. दमतं. नवीन टाका, सगळं झकास पळेल."

इथे कार्ड म्हणजे काय ते सांगतो. डब्यात चित्र काढणारं एक वेगळं कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड. खेळातली प्रत्येक हालचाल म्हणजे खरं तर एकामागून एक काढलेली चित्रं. ती कार्ड काढतं आणि पडद्याला देतं. पडदा ते चित्र एकदम उमटवत नाही, वरून खाली ओळीओळीनं उतरवतो, सेकंदाला साठ वेळा वगैरे. शाळेत गुरुजी फळ्यावर लिहितात आणि मूल वहीत उतरवून घेतं, तसं. आता मूल अर्ध्या पानावर असतानाच गुरुजींनी फळा पुसून पुढचा धडा लिहिला, तर वहीत काय होईल? वर एक धडा, खाली दुसरा. चित्र फाटणं म्हणजे एवढंच. सरळ रस्त्यावर ते कळत नाही, कारण पहिल्या आणि दुसऱ्या चित्रात फारसा फरकच नसतो. वळणावर सगळं आडवं सरकतं आणि खांब तुटलेला दिसतो. मी सरळ रस्त्यावर बघितलं होतं.

आणि यावर कार्डाच्या आत एक साधा उपाय असतो. सेटिंगमध्ये एक छोटा चौकोन असतो, त्यात टिक केली की कार्ड थांबतं. पडद्याचं उतरवून होऊ दे, मग पुढचं दे. पण दुकानदार ती टिक काढून टाकायचे. मीसुद्धा. कारण टिक असली की पडद्याच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा साठ-पंच्याऐंशीच्या पुढं जात नाही, आणि काढली की तो शंभर, दीडशे असा उडतो. गिऱ्हाईक खूश. नवीन कार्ड किती जोरात आहे हे त्याला आकड्यात दिसतं. माल विकायची ती आमची युक्ती होती आणि तिच्यात काही चूक आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात उत्तमराव कार्ड घ्यायला आले. मी दोन समोर ठेवली. धंद्यात तेव्हा कार्डं मेमरीवर विकली जायची, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, जसं काही धान्य मापून द्यायचं आहे. जास्त मेमरीचं चांगलं, यापलीकडे बहुतेक दुकानदारांना सांगता येत नव्हतं. उत्तमरावांनी दोन्ही खोकी उलटसुलट केली आणि एकच प्रश्न विचारला, जो नेमका बरोबर होता.

"यानं फाटणं थांबंल ना?"

"थांबणार म्हणजे थांबणारच."

मोठं कार्ड बसवलं. सवयीनं टिक काढली. आकडा एकशे चाळीसवर गेला, मी बोटानं दाखवला, ते हसले. डबा चादरीत गुंडाळून बदनापूरला गेला. तिथं त्यांचा पडदा सेकंदाला साठदाच उतरवून घेणारा, आणि समोर आता दुप्पट घाईचे गुरुजी. मी फाटणं थांबवलं नव्हतं, वाढवून दिलं होतं. हे मला कळायला वेळ लागला.

एका मंगळवारी ते परत आले. या वेळी डबा नव्हता. दुकानात कुणी नाही असं बघून आत आले आणि स्टुलावर बसले. नेहमी इस्त्रीचा खाकी शर्ट, त्या दिवशी एक बटण उघडं होतं.

"भाऊ, कोणाला सांगू नका."

"काय झालं?"

"फाटणं लय वाढलं. आधी एखांदा खांब तुटायचा, आता वळण आलं की सगळंच तुटतं. घरात मालकिणीला दाखवलं, ती म्हणती मला काही दिसत न्हाई. पोरगा आल्ता पुण्याहून, त्यो म्हणला, बाबा, कुठं काय तुटतंय, गेम बराबर हाये. तुम्ही बी म्हणले व्हते, दिसत न्हाई. मंग आता राह्यलं कोण? मीच." त्यांनी दोन्ही डोळ्यांवरून हात फिरवला. "दोष डब्यात न्हाई भाऊ. दोष इथं हाये."

मी म्हणालो, तसं काही नसतं.

"मागल्या हप्त्यात रेल्वे फाटकापाशी वळलो, तं मला वाटलं खऱ्या रोडवरचा खांब हलला. हलला का न्हाई, आता सांगता येत न्हाई. पण वाटलं. तवापासून वळण आलं की गाडी पार हळू करतो. माझ्या मागं बेचाळीस लेकरं असतात." आवाज खाली गेला. "येत्या सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय. तवर काय करू?"

माझ्या मनात काय आलं ते मी लपवणार नाही. बेचाळिसातली एक मुक्ता. तेवढंच आलं. कार्ड, पडदा, टिक, यातलं काही म्हणजे काही डोक्यात आलं नाही. तीन माणसांना दिसत नाही आणि एकालाच दिसतं, तर त्या एकाचे डोळे बिघडलेत, हे त्यांनी जसं मानलं तसं मीही मानून टाकलं. तोंडानं मात्र म्हणालो, "उत्तमराव, काही नाही, मनाचे खेळ आहेत. बिनधास्त राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुक्ताला म्हटलं, चल, आज स्कूटरवर सोडतो, मला तिकडं काम आहे. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रोज काहीतरी काम. मुक्ताला मजा वाटत होती. दुकानात असताना बाहेर कुठं ब्रेक करकचला की मी उठून दारात जायचो. शुक्रवारी शाळेच्या गेटपाशी मुक्ताला उतरवत असतानाच बस आली. उत्तमरावांनी वरून पाहिलं आणि नेहमीसारखा हात वर केला. मी हेल्मेटचा पट्टा नीट करायचं नाटक केलं.

शनिवारी संध्याकाळी बायकोनं विचारलं, "हे काय चाललंय स्कूटरचं?" तिला सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, "तुम्हाला त्यांचे डोळे गेलेत असं वाटतं?"

"कसं सांगणार?"

"वाटत असेल तर बाकीच्या लेकरांचं काय? आणि वाटत नसेल तर आपली का काढली?"

मी चिडलो. ती स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, "आणि तुम्ही त्यांच्या घरचा पडदा तरी पाहिला का?"

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि बदनापूर गाठलं. वीसेक किलोमीटरचा रस्ता, पण प्रत्येक वळणावर मी कडेच्या खांबाकडे बघत होतो. हा हलला का? तो हलला का? निम्म्या रस्त्यात माझीच नजर मला खोटी वाटायला लागली. उत्तमरावांनी इतके दिवस या रस्त्यावर बस कशी चालवली असेल, ते तेव्हा थोडं कळलं.

घर साधं, पुढं ओटा, शेजारी ती पिवळी बस. मला दारात पाहून त्यांच्या चेहऱ्यावर भीतीच आली. म्हटलं, "मशीन लावा. मला वळण दाखवा." त्यांनी गाडी सुरू केली. डाव्या बाजूनं, हळू. पहिलं वळण आलं आणि खांब मधोमध तुटला. वरचा अर्धा पुढं, खालचा मागं. मग कुंपण तुटलं, मग झाड.

"थांबा," मी म्हणालो. "मला दिसलं."

त्यांनी गाडी थांबवली, खेळातलीसुद्धा नीट रस्त्याच्या कडेला घेऊन. "काय दिसलं?"

"खांब तुटला. मला दिसला."

"बराबर दिसला?"

"बरोबर दिसला. डोळे तुमचे नाही, काम माझं बिघडलंय."

सेटिंग उघडलं. पडदा साठवर होता, तो पंच्याऐंशीवर नेला. मग कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चौकोन शोधला आणि टिक केली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "आता चालवा." त्यांनी चालवली. वळण आलं, खांब आला, आख्खा गेला. दुसरा आला, आख्खा. त्यांनी त्याच वळणावर गाडी चार वेळा फिरवून आणली. मग कीबोर्डवरून हात काढला आणि पंचानं डोळे पुसले. त्यांची बायको दारात उभी होती, तिला म्हणाले, "पाह्यलं का? यांनला बी दिसलं!" ती हसली आणि चहा ठेवायला गेली. इतका हलका मी कित्येक दिवसांत झालो नव्हतो.

चहा पिताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मुक्ताला बरं न्हाई का? दिसली न्हाई चार दिवस बसमंदी."

"हो, जरा सर्दी होती," मी म्हणालो.

शुक्रवारी त्यांनी आम्हाला गेटपाशी स्कूटरवर पाहिलं होतं. हे बोलतानाच मला आठवलं. ते कपात बघत म्हणाले, "बरं."

सोमवारी मी स्वतः मुक्ताला घेऊन कॉलनीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. बस आली. स्टिअरिंगवर कुणी दुसराच. मनाशी म्हटलं, आज डॉक्टरकडं गेले असतील. मंगळवारीही तोच दुसरा. मी मुक्ताला बसवलं आणि स्कूटर काढून बसच्या मागोमाग शाळेत गेलो. गेटवर उत्तमराव उभे होते, हातात शिट्टी, मुलांना रांगेनं आत सोडत होते. मुक्ताच्या पाठीवरचं दप्तर सरळ करून त्यांनी तिला आत पाठवलं.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"डोळे एकदम ठीक. वाचायचा चष्मा लागंल म्हणले, बस."

"मग इथं का?"

"शनिवारी लिहून दिलं व्हतं मी. गाडी नको, गेटवर ठेवा म्हणून."

"अहो, पण रविवारी तर सगळं कळलं! परत घ्या ते. मी बोलू का हेडमास्तरांशी?"

ते हसले. राग नव्हता त्यात, तो असता तर बरं झालं असतं. "भाऊ, मला भ्या वाटलं तवा मी एकट्या तुमच्याकडं आल्तो. तुम्ही म्हणले, बिनधास्त राहा. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं मुक्ताची जागा खाली. मंग मी काय समजावं? चार दिवस तशीच गाडी आणली, पाय ब्रेकवर ठेवून. आता डोळे चांगले हायेत, कागद बी हाये डॉक्टरचा. पण वळण आलं की मी आरशात ती खालीच जागा पाहतो. असं पाहून गाडी चालवता येत न्हाई."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "बापाचं काळीज आहे..."

"त्याचं काहीच न्हाई. बापानं लेकरू काढलंच पाह्यजे. मी बी काढलं असतं." त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "पण भाऊ, तुमची एक उतरवली, तं बाकीच्या एक्केचाळिसांच्या बापाला काहून न्हाई सांगितलं?"

शाळेची घंटा झाली. ते गेट लावायला गेले, आणि मी गेटच्या बाहेर उभा होतो.